पुढे एक, मागे एक

डोळे उघडा. वारा गार आहे, ओठांवर मिठाची चव आहे. तारीख ४ फेब्रुवारी १९३१. इंग्लंडच्या नैऋत्येला, प्लिमथच्या खाडीत घुसलेल्या माउंट बॅटन नावाच्या खडकाळ टोकावर तुम्ही उभे आहात. मागे रॉयल एअर फोर्सचा तळ आहे, पण धावपट्टी शोधू नका. इथली विमानं पाण्यावर उतरतात, पाण्यावरच राहतात आणि रात्री होडीसारखी बोयाला बांधलेली डुलत असतात.

वर बघा. ब्लॅकबर्न आयरिस येतंय. तीन इंजिनं, एकावर एक असे दोन पंख, आत बारा माणसं. पाणी जवळ येतं, आणखी जवळ येतं, आणि विमान नाक वर घेतच नाही. काय झालं हे कळायच्या आत ते पाण्यात शिरलेलं असतं.

एक बुटका, रुंद कपाळाचा शिपाई तुमच्या शेजारून धक्क्याकडे पळत सुटतो. तळावरची लाँच निघते. तिच्याकडे बघताना तुमच्या मुठी आवळतात. ती पाणी कापत नाही, ढकलत जाते. नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, पाण्याचा ढीग उभा राहतो आणि इंजिनाची बरीचशी ताकद तो ढीग सारण्यातच खर्च होते. विमान किनाऱ्यापासून फार लांब पडलेलं नाही, तरी लाँच पोहोचेपर्यंतचा वेळ सरता सरत नाही. बारापैकी काही जण हाताला लागतात. बहुतेक लागत नाहीत.

त्या शिपायाचं नाव शॉ. हुद्दा एअरक्राफ्टमन, म्हणजे हवाई दलातली अगदी खालची पायरी. जग त्याला लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात लढलेला हा कर्नल हुद्दा आणि नाव दोन्ही टाकून १९२२ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे कराचीला आणि वायव्य सरहद्दीवरच्या मीरानशाहला त्यानं नोकरी केली, आणि १२ जानेवारी १९२९ ला आपल्या मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं तो मायदेशी निघाला. २ फेब्रुवारीला बोट प्लिमथला आली तेव्हा वार्ताहर टपून बसले होते. तो बोटीच्या कुशीवरून दोराच्या शिडीनं खालच्या लाँचमध्ये उतरला.

त्या शिडीवरच्या माणसाकडे सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही जरा खाली बघा. एवढ्या मोठ्या बोटीच्या पोटाशी एक लहान लाँच उभी आहे. पाणी हलतंय, बोट हलतेय, आणि तरी शिडीची शेवटची पायरी आणि लाँचची कडा यांच्यात पाऊलभरापेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. ते अंतर कुणीतरी हातात धरून ठेवलंय. आपण त्याचं काम शिकायला आलो आहोत.

चला, आयरिसच्या अपघातापासून एक वर्ष पुढे.

१९३२ चा वसंत. साउथॅम्प्टनच्या खाडीवरचं हाइद गाव. इथला लाकडी धक्का पाण्यात सहाशे मीटरहून आत गेलाय आणि त्याच्यावरून चिमुकली विजेची रेल्वे माणसं वाहते. पलीकडच्या काठावर अटलांटिक ओलांडणाऱ्या महाकाय बोटी लागलेल्या दिसतात. या पाण्याची एक खोड आहे. भरती आली की ते लगेच ओसरत नाही, दोनेक तास उंचीवरच रेंगाळतं. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही. ओढ कमी, खोली भरपूर.

गावातच ह्युबर्ट स्कॉट-पेन यांचा ब्रिटिश पॉवर बोट कंपनीचा कारखाना आहे. आयरिसच्या अपघाताच्या चौकशीत शॉनं साक्ष दिली. पाण्यावर विमानं ठेवायची तर त्यांच्यामागे धावू शकतील अशा बोटी हव्यात, हा त्याचा ध्यास आधीपासूनचाच होता. काही आठवड्यांतच त्याला इथं नव्या बोटीच्या चाचण्यांसाठी पाठवलं गेलं. ती बोट तुमच्यासमोर बांधलेली आहे. लांबी साडेसदतीस फूट, पेट्रोलवर चालणारी दोन इंजिनं, प्रत्येकी शंभर अश्वशक्तीची. वेग घेतला की ही पाणी ढकलत बसत नाही. वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत सुटते.

तिचा वेग कुणीही तुम्हाला कौतुकानं सांगेल. तुम्ही मात्र सावकाश चालवायला शिका. कारण ज्या कामासाठी ही बोट बांधली, ते काम वेग संपल्यावर सुरू होतं.

आत या. शॉ मागे उभा आहे, अंगात जाड स्वेटर, हात मोकळे. उंची पाच फूट पाच इंच. त्याला साहेब म्हणू नका, ते टाळायलाच तो इथं आलाय. तो बघेल, बोलणार नाही. बोलायचं काम माझ्याकडे.

दोन्ही इंजिनं सुरू झाली आहेत. तुमचे हात आपोआप सुकाणूच्या चाकाकडे जातील. थांबा. चाक मध्यावर आणा आणि सोडून द्या. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यानं फेकलेलं पाणी जोरानं सुकाणूवर आदळलं तर ते बोट वळवतं. सावकाश चालीत तेवढा जोरच नसतो, आणि पंखा उलटा फिरवला की पाणी भलतीकडेच जातं. आता तुमचं सुकाणू म्हणजे या दोन दांड्या. डावी डाव्या इंजिनाची, उजवी उजव्याची. प्रत्येकीला तीन जागा: पुढे, मध्ये, मागे. थ्रॉटलला सध्या हात लावायचा नाही. दोन्ही दांड्या नुसत्या पुढे टाकल्या तरी धक्क्याशी जायला तेवढा वेगही फार होतो.

बैलगाडी वळवताना पाहिलीय ना? गाडी उजवीकडे घ्यायची तर गाडीवान उजव्या बैलाचा कासरा आवळतो आणि डाव्याला हाकतो. उजवा जागीच पाय मागेपुढे करतो, डावा फेर घेतो, गाडीचं तोंड फिरतं. इथंही तेच. पंखे दोन आहेत, एक मधल्या रेषेच्या डावीकडे, एक उजवीकडे. एकाला पुढे हाका, दुसऱ्याला मागे ओढा.

डावी दांडी पुढे. उजवी मागे.

तळव्यांना आधी कळतं. फळ्यांमधून एक थरथर चढते, मग मागच्या अंगाला पाणी खदखदायला लागतं. नाळ हलते. कारखान्याची शेड डावीकडे सरकते, मग धक्का, मग रेल्वेचा डबा, मग पलीकडच्या काठावरची धुराडी. साडेसदतीस फुटांची बोट जातं फिरावं तशी जागच्या जागी फिरते आहे आणि तुम्ही चाकाला बोटही लावलेलं नाही.

आता नीट बघा. फिरता फिरता ती थोडी पुढेही सरकली. पंख्याची पाती पुढे ढकलण्यासाठी घडवलेली असतात, उलटी फिरली की पाण्यावरची पकड कमी पडते. म्हणजे तुमचा डावा बैल जोरात आहे, उजवा कमी. मागे ओढणाऱ्या इंजिनाला जरासा थ्रॉटल द्या. बस, एवढाच. आता जागेवर फिरली.

आणखी एक गोष्ट पंख्यांबद्दल. पंखा फक्त पुढे-मागे ढकलत नाही. जमिनीवर टेकलेल्या चाकासारखा तो पिछाडीला थोडा कुशीकडेही ओढतो. एकच पंखा असलेल्या बोटीचा तांडेल जन्मभर या ओढीचा हिशेब करत असतो. दोन पंखे एकमेकांविरुद्ध, वरून बाहेरच्या अंगाला फिरणारे बसवले की सरळ जाताना त्यांची ओढ एकमेकांत फिटते. आणि एक पुढे, एक मागे केलं की दोघांची ओढ एकाच बाजूला जाऊन वळण्याला हातभार लावते.

आता अवघड धडा. दांड्या मध्ये आणा.

बोट अजून फिरतेच आहे. तुमचे हात शिवशिवतात, उलटं काही करावंसं वाटतं. जमिनीवर ब्रेक दाबला की गाडी थांबते, ती सवय अंगात मुरलेली आहे. पाण्याला ब्रेक नाही. झोपाळ्याला झोका दिल्यावर तो आपल्या लयीत जातो. मध्येच सारखा हात लावला तर झोकाही बिघडतो आणि हातही दुखावतो. बोट तशीच आहे. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. नवशिका त्या वेळात घाबरतो आणि आणखी जोर लावतो. मग दोन्ही उत्तरं एकदम येतात आणि बोट धक्क्यावर जाते.

म्हणून हलका झोका द्या, दांडी मध्ये आणा, आणि बघत राहा. ती किती फिरली, किती सरकली, वारा तिला कुठे नेतोय. मग पुढचा झोका. तुमच्या मागे शॉ हललेला नाही. चुकत असता तर तो हलला असता.

वाऱ्याकडे वळू. वेगात घसरण्यासाठी या बोटीचा तळ उथळ केलाय, त्यामुळे थांबली की ती परातीसारखी पाण्यावर बसते. पाण्यात रुतलेलं अंग थोडं, वर उभी नाळ मात्र उंच. वारा तीच नाळ धरतो. तोंड वाऱ्याकडे करून थांबून बघा. क्षणभर ती उभी राहील, मग नाळ एका बाजूला पडेल आणि सगळी बोट आडवी वाहायला लागेल. आता फिरवून पाठ वाऱ्याकडे करा आणि उजवी-डावी दांडी आळीपाळीनं मागे टाकत जरा जरा टेकू द्या. कशी शांत राहते बघा. वाट बघायची असेल तर वाऱ्याला पाठ द्या.

आता धक्का. डावी कूस लावायची आहे. सगळ्यात आधी, अजून भरपूर पाणी मध्ये असतानाच, दोन्ही दांड्या एकदा मागे टाकून बघा. मागचा गिअर लागत नाही हे धक्क्यापासून चार हातांवर कळून उपयोग नाही. लागतोय? चला.

तिरकं तोंड करून या. आधी फक्त डावी दांडी पुढे, मग मध्ये. मग फक्त उजवी, मग मध्ये. एका वेळी एकच इंजिन. प्रत्येक झोक्यानं नाळ इंचभर इकडे, इंचभर तिकडे होते आणि बोट चालत्या माणसापेक्षा हळू पुढे जाते. लाकडावरचं शेवाळ दिसायला लागलं. त्याचा वास आला. तुम्हाला वाटतंय, आता वळवायला हवं. अजून नाही. नाळ लाकडाला लागणारच असं वाटतं त्या क्षणी बाहेरची, म्हणजे उजवी दांडी मागे.

एका हालचालीत दोन कामं होतात. बोटीची पुढची चाल मरते, आणि उजवं अंग मागे ओढलं गेल्यामुळे नाळ बाहेर निघते, पिछाडी धक्क्याकडे येते. मधलं पाणी अरुंद होत जातं. हातभर. वीतभर. बोटभर. दांडी मध्ये. दोरांचे गोळे लाकडावर दबतात, करकरतात, आणि बोट उभी राहते.

पण धक्का लाकडाचा आहे, तो सहन करतो. विमान करत नाही. खाडीच्या तोंडाशी कॅल्शॉटचा तळ आहे आणि तिथं बोयाला सुपरमरीन साउथॅम्प्टन जातीचं विमान बांधलंय. डुरॅल्युमिनच्या पातळ पत्र्याचं पोट, कापड ताणलेले पंख, पंखांच्या टोकाशी लहान तरंगते. तुम्हाला त्याच्या कुशीला जाऊन माणसं चढवायची आहेत. बोटीचा नुसता कोपरा लागला तरी पत्रा चेपतो.

विमान बोयावर वाऱ्याकडे तोंड करून उभं आहे, म्हणून मागून या, वारा तोंडावर घेत. ते स्थिर नाही. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर डावी-उजवीकडे झुलतंय. त्याच्या झुलण्याचा ताल आधी लांबून बघून घ्या. एक फेरा, दोन फेरे. आता त्याच तालात शिरा. पंखाचं कापड डोक्यावर येतं, उजेड मंदावतो, तरंगता तुमच्या कडेपासून हातभर अंतरावरून जातो. विमान तुमच्याकडे झुकलं की एक दांडी क्षणभर मागे. दूर गेलं की मध्ये. इथं जोराचा काही उपयोग नाही. समोरच्याच्या हालचालीला आपली हालचाल मिळवत राहायची, एवढंच. नाजूक वस्तूशी वागताना अंगात मुरवलेली ताकदच कामी येते, दाखवलेली नाही.

संध्याकाळ झाली. गावातल्या मर्टल कॉटेजमध्ये शॉची खोली आहे. तिथं तो या बोटीवर एक पुस्तिका लिहितो: तिची बांधणी, इंजिनांची निगा, ती चालवायची कशी. हवाई दल याच वर्षी ती काढतं. होमरच्या ‘ओडिसी’चं त्यानं केलेलं इंग्रजी भाषांतरही याच वर्षी प्रसिद्ध होतं. एका हातानं तो तीन हजार वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दीची गोष्ट सांगतो, दुसऱ्या हातानं उद्याच्या खलाशासाठी गिअर आणि गळती यांबद्दल लिहितो, आणि दोन्हीकडे शब्द तितक्याच काळजीनं निवडतो. साध्या फिटरला प्रत्येक वाक्य कळलं पाहिजे, ही त्याची ओढ. मला त्याच्या रणांगणावरच्या कामापेक्षा हे काम मोठं वाटतं. आपल्याला जे कळलं ते नंतरच्या माणसाच्या हाताला सापडेल अशा जागी ठेवून जाणं.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, त्याला नाही. २६ फेब्रुवारी १९३५ ला तो हवाई दलातून निवृत्त होईल आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, ४६ व्या वर्षी, मोटरसायकलच्या अपघातात जाईल. दुसरं महायुद्ध तो बघणार नाही. पण त्या युद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना आणायला या घराण्यातल्याच वेगवान बोटी जातील, आणि हवाई दलाची बचाव सेवा हजारो माणसं पाण्यातून उचलेल. त्यातल्या प्रत्येक खेपेचा शेवट सारखाच असेल: वेग टाकून दिलेली बोट, मध्ये आणलेल्या दांड्या, काठावरून वाकलेला माणूस.

तो शेवट आज तुमच्या हातून झाल्याशिवाय परत जाता येणार नाही. सकाळ होऊ द्या.

खाडीच्या मध्यावर कुणीतरी एक जीवरक्षक कडं पाण्यात फेकतं. पांढरं, लाटेआड जातं, परत दिसतं. ते माणूस आहे असं समजा. आणा त्याला.

तुम्ही दोन्ही थ्रॉटल देता. नाळ उचलली जाते, तळाखाली पाणी ताशासारखं वाजतं, क्षणात तुम्ही तिथं पोहोचता. थ्रॉटल ओढता, बोट बसते आणि तिच्याच मागची लाट तिला पुढे लोटते. कडं डाव्या कुशीला आहे. आता सुटेल या भीतीनं तुम्ही डावी दांडी मागे टाकता. कडं कुशीवरून घासत पिछाडीकडे जातं, खाली ओढलं जातं. एक जाड, बोथट आवाज होतो. पांढरे तुकडे वर येतात.

कुणी काही बोलत नाही. शॉ तुकड्यांकडे बघत राहतो. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं पाणी त्याच्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्याही.

दुसरं कडं पडतं. या वेळी लांबूनच वेग सोडा. बोटीला तिची लाट पचवू द्या. मग वारा तोंडावर घेऊन, कडं नाळेच्या जरा डावीकडे ठेवून निघा. एक झोका. थांबा. दुसरा. थांबा. कडं दहा हातांवर आलं की डावी दांडी मध्ये. आता तिला परत हात लावायचा नाही, काहीही झालं तरी. त्या बाजूला माणूस आहे आणि पाण्याखाली पातं आहे.

कडं नाळेच्या आड गेलं. खांद्याशी आलं. आता उजवी दांडी पुढे, श्वासभर. नाळ माणसाकडे वळते आणि पिछाडी त्याच्यापासून दूर जाते, पंख्यांसकट. दांडी मध्ये. दोन्ही मध्ये आहेत ना? हातानं चाचपून बघा, डोळे कड्यावरून काढू नका.

पंखे थांबले. इंजिनं नुसती धपधपताहेत. बोट राहिलेल्या चालीवर हातभर सरकते, आणखी वीतभर, आणि मग तिची चाल संपते. पाणी फळ्यांवर चपचप वाजतं. कडं कुशीला येऊन टेकतं, इतक्या हलक्यानं की आवाजही होत नाही.

काठावर पोट टेकवून वाका आणि हात पाण्यात घाला. एप्रिलचं पाणी मनगटाला चावतं. कड्याचा दोर ओला, जाड, खरखरीत लागतो. मूठ आवळा.

शेजारून आणखी एक हात पाण्यात उतरतो आणि तोच दोर धरतो. दोघं मिळून ओढा.